थंड झाल्यावर एकदाच

आत्याची मोटरसायकल तिच्या भाचीपेक्षा दुपटीने मोठी होती. भाची अकरा वर्षांची, गाडी तेवीस. तेविसाव्या वर्षी माणूस कुठे मार्गाला लागत असतो. गाडी मात्र खोकायला लागते. इंजिनातून धुराचा पाइप जिथे बाहेर पडतो तिथल्या सांध्यातून पंधरा दिवस फुसफुस हवा सुटत होती, आणि उतारावर वेगाच्या मुठीवरचा हात सैल सोडला की मागून असा बार निघायचा की रस्त्यावरची कुत्री उठून उभी राहायची.

एरवी हे चालून गेलं असतं. पण या वेळी आत्याला गाडी अगदी ठणठणीत हवी होती.

आत्या टपाल वाटायची. म्हणजे पूर्वी वाटायची. दीड वर्षापूर्वी जिन्यावरून घसरून तिचा पाय मोडला, आणि तेव्हापासून ती टपाल कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसून पत्रं लावत होती. त्या खोलीला खिडकी नव्हती. संध्याकाळी घरी आली की ती चप्पलही न काढता अंगणात उभी राहायची, आणि कोणी विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, आभाळ जागेवर आहे का बघतेय."

आता पाय बरा झाला होता आणि डोंगरावरच्या वस्त्यांचा मार्ग रिकामा झाला होता. आत्याने अर्ज केला. साहेबांनी होकार दिला, पण अट घातली: सोमवारी सकाळी सात वाजता स्वतःच्या चालत्या गाडीसह हजर व्हायचं. नाही तर यादीतला पुढचा माणूस. पुढच्या माणसाकडे नवी कोरी गाडी होती आणि तो दर दोन दिवसांनी आत्याला भेटून विचारत होता, "मग, कशी आहे तुमची म्हातारी?"

म्हणून रविवारी सकाळी म्हातारी अंगणात उभी होती, आणि तिच्यासमोर लाकडी पाटावर दोघं बसले होते. एक आजोबा, म्हणजे आत्याचे वडील. तांत्रिक शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. आणि दुसरी ती अकरा वर्षांची भाची, त्यांची नात. तिला घरात सगळे 'चौकशी' म्हणत. कारण उघड होतं.

"जुनं कडं निघालं का गं?" आजोबांनी विचारलं.

"निघालं. पण तुम्ही तर म्हणालात तांब्याचं असतं. हे काळं का?"

"बारा वर्षं धूर खाल्लास तर तूही काळी होशील."

"आणि चपटं का?"

"तेच त्याचं काम. हे बघ, इंजिनाचं एक तोंड, पाइपाचं एक तोंड. दोन्ही कितीही घासली तरी मधे केसाएवढी फट राहणारच. हे कडं त्या दोघांच्या मधे बसतं, चेपून घेतं आणि फट भरून काढतं. यालाच गॅस्केट म्हणायचं. पण एकदा चेपलं की ते पुन्हा फुगत नाही. म्हणून नवं."

"म्हणजे भांडणात मधे पडणाऱ्या माणसासारखं."

"तसंच. आता बोटाने आत चाचपून बघ, जुन्याचा तुकडा राहिलाय का? लोक घाईत जुन्यावरच नवं बसवतात आणि मग गळतंय गळतंय म्हणून ओरडतात."

चौकशीने बोट घातलं, काळं बोट बाहेर काढलं, आणि तुकडा नाही असं सांगितलं. मग दोघांनी काजळी खरवडून काढली, फडक्याने तोंड पुसलं आणि नवं कडं बसवलं. पाइप जिथे पुढे सायलेन्सरला मिळतो तिथलं गॅस्केटही बदललं. पाइप जागेवर आला.

इंजिनातून दोन पोलादी खुंट्या बाहेर आलेल्या होत्या, करंगळीपेक्षा बारीक, अंगभर आटे असलेल्या. कारागीर त्यांना स्टड म्हणतात. पाइपाच्या तोंडाची दोन भोकांची पट्टी, म्हणजे कॉलर, त्या दोन स्टडवर सरकते आणि प्रत्येकावर एकेक नट बसतो. सगळा भार त्या दोन नटांवर.

चौकशीने दोन्ही नट आधी नुसत्या बोटांनी फिरवले. मग पाना उचलला. "हा डावा पूर्ण घट्ट करून टाकू?"

"टाक की. फक्त उजवीकडे काय होईल ते आधी सांग."

चौकशीने विचार केला. तिला विचार करू देण्यात आजोबांना कधीच घाई नसे. ते चष्मा पुसत बसले.

"कॉलर तिरकी बसेल," ती शेवटी म्हणाली.

"कशावरून?"

"परवा आपण कपाट सरकवलं ना, तेव्हा आईने तिची बाजू आधी उचलली, आणि कपाट माझ्या पायावर आलं."

"झालं तर. तुला शिकवायला मी कशाला हवा?"

मग तिने डावा अर्धा फेरा, उजवा अर्धा फेरा, पुन्हा डावा, पुन्हा उजवा असं करत नेलं. पाना जड लागायला लागला तसे फेरे पाव झाले, मग त्याहून लहान. आजोबांनी तिला आखूड पाना दिला होता. लांब पान्याने कमी कष्टात जास्त जोर लागतो, आणि इथे जास्त जोर लागायलाच नको होता. पुढचे नट बसल्यावर पाइप आणि सायलेन्सरच्या सांध्यावरचा मधला पट्टा आवळला आणि सगळ्यात शेवटी सायलेन्सरचा मागचा बोल्ट.

"तो शेवटी का?"

"आधी आवळला तर पाइप मागे ओढला जाईल. मग पुढचे नट त्याला आपल्याकडे खेचत बसतील. जन्मभर खेचाखेची. आधी पुढचं निवांत बसू दे, मग मागचं आपोआप जागा शोधतं."

आत्या तोपर्यंत तीन वेळा येऊन बघून गेली होती. चौथ्यांदा ती चौकशीच्या खांद्यावरून वाकली. "बाबा, खुंटी तुटणार नाही ना?"

"जपून केलं तर कशाला तुटेल?"

"पण तुटली तर?"

आजोबांनी खोटं सांगितलं नाही. "तुटली तर अर्धी आत राहते. ती काढायला इंजिनाचं डोकं उतरवून कारखान्यात लेथच्या यंत्रावर न्यावं लागतं. आठ दिवस धर."

"माझ्याकडे आठ दिवस नाहीत. माझ्याकडे उद्या सकाळ आहे."

"म्हणून तर आखूड पाना घेतलाय," चौकशी म्हणाली. आत्याने तिच्या डोक्यावर टपली मारली, आणि ती जराशी हसली.

गाडी सुरू केली. आजोबांनी कागदाची एक पट्टी सांध्याजवळ धरली. पट्टी हलली नाही. फुसफुस बंद झाली होती. इंजिन दहा मिनिटं चालू दिलं आणि मग बंद केलं.

"आता कोणी हात लावायचा नाही," आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "नवं कडं उष्णतेने अजून थोडं दबतं आणि नट किंचित सैल होतात. गरम असताना आवळायचे नाहीत, धातू फुगलेला असतो, अंदाज चुकतो. पूर्ण थंड झाल्यावर आवळायचे, घड्याळाचा मोठा काटा पाच मिनिटांत सरकतो तेवढेच. एकदाच."

सगळ्यांनी मान हलवली. आणि दिवसभरात शंभर प्रश्न विचारणाऱ्या चौकशीने नेमका एक प्रश्न विचारला नाही: कोणी?

या घरात आळशी असं कोणी नव्हतं. तीच या घराची अडचण होती. चौकशीचे वडील कामानिमित्त महिनामहिना बाहेर असत, आणि मागे राहिलेल्या चौघांना दुसऱ्याचं काम परस्पर उरकून टाकायची खोड होती. दुसऱ्याला त्रास नको, आणि त्याला सांगून उपकारही नको. खिडकीतलं एक रोप चौघांनी मिळून, एकमेकांना न सांगता, मायेने पाणी घालून घालून कुजवलं होतं.

जेवण झालं. आजोबा वर्तमानपत्र तोंडावर घेऊन आडवे झाले. चौकशी एक वाजता इंजिनाला हात लावून आली: गरम. पावणेदोनला कोमट. सव्वादोनला थंडगार. तिने आजोबांच्या खोलीत डोकावून बघितलं. वर्तमानपत्र संथपणे वर-खाली होत होतं. तिला त्यांना उठवावंसं वाटलं नाही. तिने आखूड पाना घेतला आणि दोन्ही नट आळीपाळीने आवळले. घड्याळाचा काटा पाच मिनिटांत जेवढा सरकतो, तेवढेच फिरले. अगदी आजोबांनी सांगितल्यासारखं. मग तिने पाना सीटवर ठेवला, हात धुतले आणि नकाशाची वही घेऊन मैत्रिणीकडे निघून गेली.

पाच वाजता ती परत आली तेव्हा सगळे चहाला बसले होते. आत्याने उद्याचा गणवेश इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. पिशवी तयार होती. आई जवळच बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पोरी, आता तू निर्धास्त झोप," आजोबा आत्याला म्हणाले. "साडेचारला उठलो तसा नट आवळून आलो. पक्के बसलेत. खरं म्हणजे सैल झालेच नव्हते, तरी मी आपला एकेक झटका दिला."

चौकशीचं बिस्किट चहात पडलं.

"आजोबा, मी आवळले होते. सव्वादोनला."

"तू?"

"थंड झाल्यावर एकदाच, म्हणालात ना?"

आजोबा हसले. "शहाणी माझी. मग काय, दोनदा झालं. तुझा हात हलका आहे, काही बिघडत नाही."

आत्या हसली नाही. तिने कप दोन्ही हातांत धरला होता. "बाबा, मी तीन वाजता आवळले."

"तू पण?"

"मला वाटलं तुम्ही विसरलात. झोपमोड कशाला करायची?"

"किती आवळलेस?"

"चांगले. म्हणजे... डोंगराचा रस्ता आहे, दगडधोंडे आहेत, म्हणून जरा जास्तच."

आजोबांनी कप खाली ठेवला. आईचे घड्या घालणारे हात जरा जास्तच भराभर चालायला लागले. तिघांनी तिच्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?"

"वहिनी," आत्या म्हणाली.

"अहो, मी कपडे काढायला गेले होते. पाना समोर सीटवरच पडलेला. म्हटलं, ताईंचं उद्या एवढं महत्त्वाचं काम आणि सगळे विसरून बसलेत. दोन्ही नट थोडेसे फिरवले."

"थोडेसे म्हणजे किती, सूनबाई?"

"थोडेसेच हो. फिरत कुठे होते? पाय टेकवावा लागला."

"पाय!" आजोबा उठून उभे राहिले.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि शेजारचे नळकाका आत आले. ते नळजोडणीचं काम करत आणि एके काळी आजोबांचे विद्यार्थी होते. खांद्यावरच्या पिशवीतून त्यांचा हातभर लांब पाना डोकावत होता. "सर, मघाशी चारला शिडी परत ठेवून गेलो, कोणी दिसलं नाही. म्हटलं आता चहाच्या वेळेला सांगून यावं." मग त्यांनी सगळ्यांचे चेहरे बघितले. "काय झालं? कोणी आजारी आहे का?"

"काका," चौकशीने हळूच विचारलं, "तुम्ही चारला आलात तेव्हा गाडीला हात लावलात का?"

"लावला की! नवीन काम केलेलं दिसलं. नव्या कामाला एक शेवटचा हात लागतो बघ. माझा पाना होताच." त्यांनी अभिमानाने पिशवी थोपटली. "आता थेंब गळणार नाही."

"तिथून थेंब गळतच नाही रे!" आजोबा कपाळाला हात लावून म्हणाले. "तिथून धूर जातो. तीन वर्षं शिकवलं मी तुला!"

"सर, तुम्हीच म्हणायचात ना, काम दिसलं की विचारत बसू नये."

आजोबांनी फळीवरची बॅटरी उचलली आणि ते दाराकडे निघाले.

सगळे अंगणात गेले. गाडी शांत उभी होती. दोन नट होते तसेच चमकत होते. बघून काही कळायला मार्ग नव्हता. आत्याने एका नटाला बोट लावलं आणि ते पटकन मागे घेतलं, जणू तेवढ्यानेच तो तुटेल.

"पोलाद तुटलं असतं तर कळलं असतं ना?" आईने विचारलं.

"तुटलेलं नाही," आजोबा म्हणाले. "पण पोलादही ताणलं जातं. थोडं ताणलं तर परत आपल्या मापावर येतं. हद्दीबाहेर ताणलं की येत नाही. मग ते कधी तुटेल, कोणी सांगावं? कदाचित कधीच नाही. कदाचित उद्या, चढावर."

"मग आता हातच नको लावायला. आहे तसं राहू दे," आई म्हणाली.

"आणि मी वरच्या वस्तीवर अडकले तर?" आत्याने विचारलं. "पाठीवर पत्रांची पिशवी, पहिलाच दिवस. त्या नव्या गाडीवाल्याला तेच हवंय." ती पायरीवर बसली, मग परत उभी राहिली. "नाही. सैल करून बघा. तुटायचंच असेल तर इथे दारात तुटू दे."

"सैल करतानाही तुटू शकतं हं," आजोबा म्हणाले. "सांगून ठेवतो."

"माहीत आहे."

"कोण करणार?"

या वेळी प्रश्न विचारला गेला होता. पण कोणीच पुढे आलं नाही. नळकाकांनी तर दोन्ही हात पाठीमागे नेले. आत्या मान हलवून दोन पावलं मागे सरकली. आजोबांनी आखूड पाना उचलला आणि चौकशीच्या हातात दिला.

"मी? माझ्या हातून तुटली तर?"

"तर ती आपल्या पाच जणांच्या हातून तुटलेली असेल, तुझ्या एकटीच्या नाही. तुझा हात हलका आहे आणि तुझे कान चांगले आहेत. झटका द्यायचा नाही. जोर हळूहळू वाढवायचा, आणि पाना हाताला काय सांगतो ते ऐकायचं."

मागचा बोल्ट आणि मधला पट्टा आधी सैल केला, म्हणजे पाइप ओढलेला राहणार नाही. मग चौकशीने डाव्या नटावर पाना बसवला. जोर लावला. काही नाही. अजून थोडा लावला. नट कर्रर्र असा लांबलचक कुरकुरला, आणि सुटला. बोटांनी फिरवून काढता आला. स्टड सरळ होता, आटे शाबूत.

"एक झाला," आई म्हणाली.

उजवा नट. चौकशीने पाना धरला. जोर लावला, वाढवला, आणखी वाढवला. मग नट फिरला. पण कुरकुरला नाही. मऊ फिरला, चिखलात काठी फिरावी तसा.

"आजोबा," ती म्हणाली, "हा वेगळा वाटतोय."

"हं. थांबू नकोस. सावकाश."

ती फिरवत राहिली. नट बाहेर यायला हवा होता तेवढं फिरवून झालं, तरी नट स्टडवर पुढे सरकेना. नट आणि स्टड एकत्रच फिरत होते. मग एकदम सगळं हलकं झालं आणि तिच्या तळहातावर नटासकट एक पोलादी तुकडा येऊन पडला. इंजिनात, जिथे खुंटी होती, तिथे काळं भोक होतं.

आत्या पायरीवर बसली आणि तिने गुडघ्यांवर कपाळ टेकलं. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. नळकाकांनी चप्पल काढली आणि परत घातली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

चौकशीचे डोळे भरून आले. "मी सावकाशच केलं, आजोबा."

"मी बघितलं. आता रडणं दोन मिनिटं बाजूला ठेव. तो तुकडा फडक्याने पूस आणि त्याचं टोक मला सांग कसं दिसतंय."

"म्हणजे?"

"पोलाद तुटतं तेव्हा टोक खडबडीत होतं. फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखं, दाणेदार. तसं आहे?"

चौकशीने बाहीने डोळे पुसले, फडक्याने तुकडा पुसला आणि उजेडाकडे धरला. "नाही. दाणेदार नाही. गुळगुळीत आहे. आणि कड जरा उतरती आहे."

"आणि आटे?"

"आटे शेवटपर्यंत आहेत."

"नीट बघ. आट्यांमध्ये कुठे पांढरी तार अडकलीय? चकाकणारी, केसासारखी?"

"नाही. नुसती काळी धूळ आहे. का?"

"तार असती तर समजलो असतो की इंजिनाचे आतले आटे सोलून आलेत." आजोबांनी स्वतः वाकून बॅटरीच्या उजेडात भोकात बघितलं. मग चष्मा काढून परत बघितलं. त्यांनी करंगळी आत घालून हळूच फिरवली. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा पाहूनच आत्या उठून उभी राहिली.

"तुटलेली नाही," ते म्हणाले. "अख्खी बाहेर आलीय. नट खुंटीला चिकटला, त्यामुळे खुंटीच इंजिनातून उलगडली. खुंटी शाबूत, भोक शाबूत. पोरी, हे डोकं कुठे उतरवायचं नाही!"

"खरं?"

"तूच बघ."

आत्याने तो तुकडा हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला, आणि रडायलाच लागली. रडता रडता हसली. मग तिने चौकशीला असं कवटाळलं की पान्याचं टोक दोघींच्या मधे टोचलं. "तुझं सोनं होऊ दे गं! अख्खी आली! अख्खी!"

"आत्या, पाना टोचतोय."

"टोचू दे!"

आई पदराने डोळे टिपत म्हणाली, "मी आयुष्यात परत कशाला पाय लावणार नाही." यावर सगळेच हसले. आईलाही मग हसू आवरेना.

आता चिकटलेला नट स्टडवरून सोडवायचा होता. आजोबांनी नळकाकांकडे बघितलं. "ये, बाबा. आता तुझं काम."

"मी नको सर. माझा हात..."

"तुझा हात जंगी आहे, तो चुकीच्या ठिकाणी गेला, एवढंच. नळाचे चिकटलेले सांधे तू रोज सोडवतोस. हा पण तसाच."

नळकाकांचा चेहरा उजळला. ते घरी जाऊन शेगडी आणि पकड घेऊन आले. त्यांनी स्टडच्या आट्यांना दाताची खूण पडू नये म्हणून भोवती तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळला, पकडीत धरला, नुसता नट तापवला, आणि एकाच सावकाश ओढीत सोडवला. आजोबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. चौकशीने पत्रा का गुंडाळला, नटच का तापवला, खुंटी का नाही, असे सात प्रश्न विचारले आणि नळकाकांनी सातही प्रश्नांची उत्तरं छाती फुगवून दिली.

चिकटलेला नट टाकून दिला. आजोबांच्या डब्यात तसाच एक नवा सापडला. तो दोन्ही स्टडवर बोटांनी शेवटपर्यंत फिरला, म्हणजे कुठलाच ताणलेला नव्हता. स्टड आत बसवला, तळाला टेकेपर्यंत, आणि तिथेच थांबले. चेपून पापड झालेलं कडं काढून टाकलं. दुकानदाराने कडी जोडीनेच दिली होती, म्हणून दुसरं हाताशी होतं. मग सकाळचं सगळं पुन्हा. बोटांनी आधी. डावा अर्धा, उजवा अर्धा. पुढचे, मधला, मागचा.

फरक एवढाच होता की या वेळी पाना फक्त चौकशीच्या हातात होता. कोणाला काही सांगायचं असेल तर तोंडाने सांगायचं, असं आजोबांनी ठरवून दिलं. आणि पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. "सकाळी चूक माझी झाली. काय करायचं ते सांगितलं, कधी करायचं ते सांगितलं, कोणी करायचं ते सांगितलंच नाही. पस्तीस वर्षं शिकवून हे राहून गेलं."

"मग मी तरी विचारायला हवं होतं," चौकशी म्हणाली.

"तू कधी नाही ते गप्प बसलीस!"

दिवेलागणीला गाडी दहा मिनिटं चालवली. कागदाची पट्टी हलली नाही. बंद केली. आजोबा म्हणाले, "आता रात्रभर थंड होईल. सकाळी साडेपाचला एकदाच आवळायचं. आत्या आवळेल. तिची गाडी, तिचा हात. बाकी सगळ्यांनी पांघरुणातून बाहेर यायचं नाही."

पाना आत्याच्या उशाशी गेला.

सकाळी साडेपाचला अंगणातून आत्याचा आवाज आला, "मी आवळतेय!"

आतून तीन आवाज आले. "ऐकलं!"

आणि भिंतीपलीकडून चौथा. "ऐकलं, ताई!"

थोड्या वेळाने ती परत ओरडली, "आवळले! दोन्ही! पाच मिनिटांएवढेच फिरले!"

तेव्हा मात्र कोणाला पांघरुणात राहवलं नाही. सगळे अंगणात आले, नळकाकाही. आत्या गणवेशात, पिशवी आडवी टाकून गाडीवर बसली होती. आईने तिच्या पिशवीत डबा सरकवला. आजोबांनी आरसा पुसल्यासारखं केलं. गाडी पहिल्या लाथेला सुरू झाली. आवाज भरीव, एकसारखा. मधे फुसफुस नाही, खोकला नाही. कोपऱ्यावर वळताना आत्याने मुद्दाम हात सैल सोडला आणि सगळ्यांनी कान टवकारले. बार निघाला नाही. रस्त्यावर झोपलेलं कुत्रं झोपूनच राहिलं.

आवाज दूर जाईपर्यंत चौघं फाटकाशी उभे राहिले. मग आजोबा म्हणाले, "चला," आणि चौकशीच्या खांद्यावर भार टाकून आत वळले.

दुपारी एक वाजता फोन वाजला. चौकशीने झडप घालून घेतला.

"पोचलीस का सातच्या आत?"

"पावणेसातला. नव्या गाडीवाला आला होता बघायला. म्हणाला, म्हातारी चक्क सुरू झाली?" आत्याच्या मागे वारा जोरात वाहत होता, तिला ओरडूनच बोलावं लागत होतं. "शेवटच्या वस्तीवर आहे मी आत्ता. सगळी पत्रं वाटली. इथून काय दिसतंय सांगू? आभाळच आभाळ."

"आणि नट?"

"मधे एकदा पाणी प्यायला थांबले. खरं सांगते, हात नुसते शिवशिवत होते. पिशवीत पाना होताच."

चौकशीने डोळे मोठे केले. "मग? आवळलेस?"

"नाही गं बाई! हात पाठीमागे बांधून पाणी प्यायले!"

"हात बांधून पाणी कसं प्यायलीस?"

"आली का चौकशी!" आत्या हसली. "घरी आल्यावर सांगते."

फोन ठेवून ती वळली तर आजोबा आणि आई दोघंही दारात उभे होते. नळकाका भिंतीवरून डोकावत होते.

"नाही आवळले," चौकशीने सगळ्यांना सांगितलं.

"शाबास," आजोबा म्हणाले, आणि सकाळपासून राहिलेलं वर्तमानपत्र घेऊन आडवे झाले.